टीबीचं औषध चालू असताना खाणं: बंद काय करायचं, वाढवायचं काय

ताई, तुमचं सगळं वाचलं. भाऊ २४ वर्षांचा, वजन ४२ किलो, गोळ्या सुरू होऊन दहा दिवस झाले, ताट समोर आलं की मळमळतं. शेजारच्या काकूंनी दही, केळी, भात बंद करायला सांगितलंय आणि मेडिकलवाल्याने ९०० रुपयांचा प्रोटीनचा डबा हातात ठेवलाय.

डबा परत करा. तेवढ्या पैशांत शंभरावर अंडी येतात. आणि दही-केळी-भात कशासाठी बंद? शुगर निघाली असेल तर भाताचं, केळ्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा; टीबी झालेल्याची शुगर तपासतातच. नसेल तर सगळं खाऊ दे.

मी स्वतः सहा महिन्यांचा कोर्स केलाय, नंतर आमच्या थोरल्या जाऊबाईंचाही निभावला. गोळ्या रिकाम्या पोटी जास्त लागू पडतात, म्हणून मी सहाला घेऊन परत पडायचे आणि सव्वासातला मेतकूट-भात तूप घालून, नाहीतर नाचणीची पेज. गोळ्या उलटून पडत असतील तर डॉक्टरांना विचारा, थोडं खाऊन घ्यायची मुभा मिळते. चुकवायच्या मात्र नाहीत. पित्ताचं पातळ औषध गोळ्यांसोबतच देऊ नका, त्यानं गोळी नीट शोषली जात नाही. लघवी केशरी होईल, त्याला घाबरू नका.

भूक नसताना दोन वेळचं भरलं ताट म्हणजे शिक्षाच. मी दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचे आणि प्रत्येक घासात काहीतरी जास्तीचं दडवायचे: भाजीत दाण्याचं कूट, आमटीत फोडलेलं अंडं, खिचडीत तांदळाच्या बरोबरीनं मूगडाळ. ४२ किलोच्या माणसाला रोज साधारण ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंडी १२, मोठा पेला दूध ८, मूठभर शेंगदाणे ७, दोन वाट्या घट्ट वरण १४, तीन-चार भाकऱ्या १५ धरा. झालं की! अंडं चालत नसेल तर फुटाणे, झुणका, सोयाबीनच्या वड्या.

मासे खाता म्हणून एक सांगते. बांगडा ताजा असेल तरच आणा. आयसोनियाझिड (टीबीच्या गोळ्यांतलं एक औषध) चालू असताना शिळ्या बांगड्यानं चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, धडधडणं असं होऊ शकतं. ट्यूनाचंही तेच. आणि दारू थेंबभरही नको, गोळ्यांचा भार आधीच यकृतावर असतो. मळमळ सुरुवातीला असते, पण उलट्या थांबेनात, डोळे पिवळे दिसले तर घरचा काढा करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. तळपायाला मुंग्या आल्या तरी सांगा, बी-६ ची गोळी त्यासाठीच देतात.

तुम्ही भावाचं ताट वेगळं केलंय, ते नका करू. टीबी खोकल्यातून हवेवाटे पसरतो, ताट-वाटीतून नाही. मला पडवीत एकटीला वाढायचे तेव्हा निम्मं अन्न कुत्र्याला जायचं. खिडक्या उघड्या ठेवा, त्याला मास्क लावायला सांगा, बाकीच्यांची तपासणी करून घ्या. आणि घरच्यांच्याही पोटाकडे बघा. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, तर त्यांच्यात टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. त्याच अभ्यासात, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं त्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका पुष्कळ कमी दिसला. तुमच्या भावासाठी ५ टक्के म्हणजे दोन किलोच.

टीबीच्या रुग्णांना खाण्यासाठी सरकार पैसे देतं त्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, ते उपचार केंद्रावर पक्कं करा. माझा पहिला हप्ता तिसऱ्या महिन्यात आला, तोही तीन खेपा घातल्यावर. तेव्हा त्यावर विसंबून किराणा अडवू नका.

दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहून प्रत्येक भेटीला दाखवा. गोळ्या वजनावर ठरतात: ३५ ते ४९ किलोला तीन, ५० झालं की चार. जाऊबाईंचं वजन वाढलं ते आम्हीच दाखवलं, तेव्हा डोस बदलला. केळी मात्र आजच आणा.