सहा जण, माणशी सात-आठशे आणि कॉन्टिनेन्टल: पुण्यात जमतं की!

प्रश्न असा आहे की तुम्ही कॉलेजचे सहा जण बऱ्याच वर्षांनी पुण्यात भेटताय, शनिवार संध्याकाळ, माणशी सात-आठशेच्या वर जायचं नाही, दोघं शाकाहारी आणि त्यातला एक जैन, आणि "कॉन्टिनेन्टल हवं पण हायफाय नको, निवांत गप्पा मारता आल्या पाहिजेत". जमेल. पण जागेचं नंतर सांगतो, आधी ऑर्डरचं बघू, कारण पैसे आणि मूड दोन्ही तिथेच जातात.

पंजाबी हॉटेलात गेलो की आपण काय करतो, तीन भाज्या, एक डाळ, रोट्या येत राहतात, सगळं मधे ठेवायचं आणि हाणायचं. कॉन्टिनेन्टलमधे मात्र का कोण जाणे, सगळे एकदम शहाण्यासारखे वागायला लागतात, प्रत्येकजण मेनूकार्डात डोकं घालून स्वतःपुरती एकेक डिश सांगतो, आणि मग एकाची प्लेट पंधरा-वीस मिनिटं आधी येते, तो बिचारा काटा हातात धरून बसतो, बाकीचे "अरे तू कर ना सुरू" म्हणतात आणि तोवर त्याच्या व्हाइट सॉसवर साय धरलेली असते. यात वेटरची काही चूक नाही हो. या बजेटच्या हॉटेलात किचन छोटं, ओव्हन एखादाच, सहा वेगवेगळ्या डिश एकाच वेळी बाहेर येणं अवघडच असतं. म्हणून सहा जणांत पाच मेन डिश पुरे, त्याही दोन टप्प्यांत सांगा, जास्तीच्या प्लेटा मागून घ्या आणि सरळ वाटून खा. आधी सूप आणि गार्लिक ब्रेड, मग दोन बेक्ड प्रकार, ते संपत आले की सिझलर. सूप वन बाय टू मागायला लाजू नका, पुण्यात आहात.

आता काय मागवायचं. आपल्याकडे जे कॉन्टिनेन्टल मिळतं ते खरं तर इथलंच झालेलं आहे, त्यात युरोप शोधायला गेलात तर वैतागाल. स्ट्रोगनॉफ (क्रीमच्या सॉसमधलं मांस) रशियाचं, ते भातावर येतं. टेट्राझिनीला (क्रीम-चीजवाला बेक्ड पास्ता) नाव इटालियन गायिकेचं पण डिश अमेरिकेतली. रशियन सॅलड एकोणिसाव्या शतकात मॉस्कोच्या हर्मिटाज रेस्टॉरंटमधे ऑलिव्हिए नावाच्या शेफने काढलं म्हणतात, त्यात आपण डब्यातलं अननस टाकून मोकळे झालो! कोलकात्याला पार्क स्ट्रीटवर मोकॅम्बो १९५६ पासून आहे, तिथे आजही लोक चिकन आ ला किव्ह (आत लोणी भरून तळलेलं चिकन) आणि डेव्हिल्ड क्रॅबसाठी (मसालेदार खेकडा) रांग लावतात, ते खाऊन कोणी म्हणत नाही की फ्रान्समधे असं नसतं. मला तरी हे जुन्या वळणाचं कॉन्टिनेन्टल मनापासून आवडतं, लोक नाकं मुरडतात ते मुरडू देत.

त्यामुळे ऑ ग्रातँ (वर चीज घालून भाजलेलं), बेक्ड व्हेजिटेबल, लझान्या किंवा कॅनेलोनी (दोन्ही पास्त्याचेच बेक्ड प्रकार) असं ओव्हनमधलं काहीतरी घ्या. लोणी-मैदा परतून त्यात दूध, वर चीज, हे इथल्या कुकच्या हातात पक्कं बसलेलं असतं, आणि जाड भांड्यात येत असल्यामुळे गप्पांमधे पंधरा मिनिटं गेली तरी गरम राहतं. रिसोटो (इटालियन मऊ भात) टाळा, त्याला समोर उभं राहून पंधरा-वीस मिनिटं स्टॉक घालत ढवळावं लागतं, शनिवारी रात्री ते कोण करणार, मग आधीच शिजवलेल्या भातात क्रीम घालून येतं आणि त्याचेही पाचशे लावतात. पास्ता व्हाइट सॉसमधे नकोच, बेक्ड डिशमधे तो सॉस आलेलाच आहे, लाल नाहीतर साधा लसूण-तेल-मिरचीवाला घ्या. स्टेकवर पैसे घालू नका. २०१५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बीफ म्हणजे म्हशीचं, ते मऊ करायला निगुतीने करावं लागतं आणि सगळीकडे तेवढी निगुती नसते.

सिझलरची गोष्ट वेगळी. तो भारतात आणला तो मुंबईत, साठच्या दशकात, फिरोज इराणी यांनी, आणि त्याच घराण्याचं पुण्यातलं ठिकाण म्हणजे कॅम्पात मोलेदिना रोडवरचं 'द प्लेस, टूशे द सिझलर'. तुमच्या ग्रुपला मी तेच सुचवेन. तापवलेली बिडाची प्लेट, खाली लाकडी ट्रे, प्लेटवर कोबीची पानं, ती अशासाठी की भात-भाज्या थेट बिडाला लागून करपू नयेत, आणि अगदी टेबलाशी आणताना लोणी किंवा सॉस सोडतात की चर्रर्र आवाज आणि धूर. फोटो काढा पण आधी वरचा सॉस खालपर्यंत हलवून घ्या, नाहीतर कडेचे फ्राइज जळतात. खाली राहिलेली ती अर्धवट जळकी, सॉस प्यायलेली कोबी अजिबात टाकू नका, मी तर इतरांच्या प्लेटमधलीही घेतो. एक सिझलर दोघांना नाही पण दीड माणसाला नक्की होतो, सहा जणांत तीन मागवले तर आधीच्या खाण्यावर भरपूर. एकेकाने एकेक घेतला की बजेट तिथेच खलास. आणि नवा शर्ट घालून जाऊ नका, धुराचा वास दोन धुण्यांत जात नाही.

जैन मित्रासाठी मात्र आदल्या दिवशी फोन करा, टेबलवर बसून "जैन मिळेल का" विचारलं की कुठेही हो म्हणतात. सिझलरमधे बटाटा, गाजर, लसणाचा सॉस असतोच, त्यामुळे त्याच्यासाठी बेक्ड प्रकार सोपा पडतो, व्हाइट सॉसला कांदा-लसूण लागत नाही, फक्त आत कोणत्या भाज्या ते ठरवून घ्यायचं. शाकाहारी मैत्रिणीलाही एक सांगून ठेवा, सीझर सॅलडचं ड्रेसिंग आणि मूळ पद्धतीचा वुस्टरशायर सॉस यात अँकोव्ही मासा असतो, तेव्हा विचारलेलं बरं. आणि कॅरॅमल कस्टर्ड म्हणजे अंडं, हे दरवेळी कोणालातरी अर्धं खाल्ल्यावर कळतं.

निवांतपणा हवा तर सातला टेबलवर असा. साडेआठनंतर दारात लोक ताटकळत असतात, वेटर पाण्याचे ग्लास उचलायला लागतो आणि गप्पांचा विचका होतो. त्याहून चांगलं म्हणजे पाचला कॅम्पातच मेन स्ट्रीटवर मार्झोरिन नावाच्या कॅफेत भेटा, वरच्या गॅलरीत एखादं चिकन सँडविच आणि कोल्ड कॉफी तिघांत मिळून (पोट भरू नका!), रस्त्यावरची गर्दी बघत काय ती जुनी उणीदुणी काढून घ्या आणि मग चालत मोलेदिना रोडला. गाड्या एकदाच कुठेतरी लावा, कॅम्पात शनिवारी दुसऱ्यांदा पार्किंग शोधणं म्हणजे रात्रच गेली.

बिलाचं. जीएसटी ५ टक्के लागेलच, तो हिशेबात धरा. सर्व्हिस चार्ज कुठे लावलेला दिसला तर तो द्यायची सक्ती नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचना आहेत आणि मार्च २०२५ मधे दिल्ली हायकोर्टानेही त्या उचलून धरल्या, शांतपणे काढायला सांगा, बहुतेक ठिकाणी काढतात. त्याऐवजी वेटरच्या हातात रोख टिप द्या. एकाने भरायचं, बाकीच्यांनी तिथेच यूपीआय करायचं, "उद्या करतो" म्हणणाऱ्याला सोडू नका. वाटून खाल्लंय त्यामुळे खाण्याचे सरळ सहा भाग, पण बिअर घेणाऱ्यांनी बिअरचं टीटीएमएम. आणि टेबल फोनवर बुक करताना सहा नाही, सात जणांचं सांगा, असल्या ग्रुपमधे ऐनवेळी कोणीतरी "मी पण पुण्यातच आहे रे" म्हणून उगवतोच.