बंदुकीच्या तिजोरीला कुलूप कोणते?

प्रश्न : पीकरक्षणासाठी आमच्याकडे परवान्याची बंदूक आहे. घरात लहान मुले आहेत. तिजोरीला चावी, तबकडी, कीपॅड की बोटाचा ठसा, काय घ्यावे? – एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : चावीचे कुलूप टिकाऊ असले, तरी लपवलेली चावी मुलांना कधी ना कधी सापडतेच, म्हणून मी ते सुचवणार नाही. शेतात राबून घासलेल्या किंवा ओल्या बोटांचा ठसा यंत्र अनेकदा ओळखत नाही. कीपॅड झटपट उघडतो. मात्र कोकणच्या दमट हवेत बॅटरीच्या पट्ट्यांवर गंज चढतो आणि वारंवार दाबलेली बटणे झिजून आकड्यांचा सुगावा देतात. आपल्याला बंदूक क्षणार्धात काढायची नसल्याने वीज न लागणारी, तीन आकड्यांची यांत्रिक तबकडीच घ्यावी. दार लावल्यावर ती काही वेढे फिरवावी, नाहीतर कुलूप पक्के बसत नाही. काडतुसे मात्र वेगळ्या कुलपात ठेवावीत.