सॉफ्टवेअरचं नवीन रिलीज (आवृत्ती) आलं की लगेच टाकायचं का?

उत्साह आहे हे मस्तच, फक्त सुरुवातीला एवढं सांभाळ.

- रिलीज नोट्समधला 'काय काढलं, काय बदललं' एवढा भाग तरी वाचच. आवृत्तीचा पहिला आकडा बदलला की जास्त जपून, २०२५ मध्ये फोटो एडिटिंगचं गिंप २.१० वरून ३.० वर गेलं तेव्हा जुने प्लगइन (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) तसेच्या तसे चाललेच नाहीत.
- बीटा (अजून चाचणीत असलेली आवृत्ती) रोजच्या मशीनवर नको.
- अपडेटआधी सेटिंगचं फोल्डर आणि चालू फायली कॉपी करून ठेव, कारण नव्यात सेव्ह केलेली फाईल जुन्यात उघडेलच असं नाही आणि नवीन लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात.

थ्रीडीच्या ब्लेंडर सॉफ्टवेअरमध्ये मोठं काम चालू असेल तर सरळ एलटीएस (जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती) घे, दोन वर्षं दुरुस्त्या मिळतात. सोर्समधून बिल्ड करणं (मूळ कोडवरून स्वतः प्रोग्राम तयार करणं) वगैरे नंतर बघू, आत्ता अधिकृत साइटवरूनच डाउनलोड कर.