काय खायचं ते ग्राहक ठरवेल, सरकारने त्यात का पडावं?

जिथे ग्राहकाला ठरवताच येत नाही, तिथे सरकारने पडायलाच हवं. बेकरीतली सुटी खारी घ्या. ती लोण्यात केलीय की वनस्पती तुपात, हे कागदाच्या पुडीवर कुठे लिहिलेलं असतं? वनस्पती तुपासाठी तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना ट्रान्स फॅट, म्हणजे एक घातक चरबी, तयार होतं. त्याने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, चांगलं घटतं. चवीवरून ते ओळखू येत नाही. म्हणून एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने तेल-तुपातली त्याची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि २०२२ पासून २ टक्के केली, ते योग्यच झालं. खारी आजही मिळतेच की! साखर-मिठावर मात्र बंदी नको. पाकिटाच्या दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत प्रमाण छापा, घ्यायचं की नाही ते आम्ही बघू.