बॅचलर्स आणि मास्टर्स : लिस्ट सारखी, अर्ज वेगळा

प्रश्न : ताई, मी बारावीला आहे आणि दादा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. दोघांनाही परदेशी युनिव्हर्सिटीत अप्लाय करायचंय, मला बॅचलर्सला, त्याला मास्टर्सला. दोघांची लिस्ट सारखीच दिसते, मार्क, इंग्रजीची परीक्षा, निबंध, शिफारसपत्रं. मग फरक काय आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर : लिस्ट सारखी असली तरी वाचणारी माणसं वेगळी असतात गं. तुझा अर्ज बहुतेक ठिकाणी ॲडमिशन ऑफिस वाचतं, शाळेत कोणते विषय घेतलेस, मार्क वर्षागणिक कसे गेले, शाळेबाहेर कशात मनापासून रमलीस हे बघतं. अमेरिकेत तर नववीपासूनचे मार्क मागतात, नुसती बारावी पुरत नाही. दादाचा अर्ज मात्र बऱ्याचदा डिपार्टमेंटचे प्राध्यापकच वाचतात, त्यामुळे त्याच्या एसओपीत (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारा निबंध) 'मला लहानपणापासून विज्ञानाची आवड' असलं काही नको, कोणता प्रोजेक्ट केला, त्यात कुठे अडलं, पुढे नेमकं काय शिकायचंय आणि ते याच डिपार्टमेंटमध्ये का, एवढं सरळ लिहू दे.

तुझा निबंध कॉमन ॲपवर, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना एकाच फॉर्मने अर्ज करायच्या वेबसाइटवर, 650 शब्दांत बसवावा लागतो. ब्रिटनमध्ये यूकासने (तिथले बॅचलर्सचे अर्ज घेणारी संस्था) 2026 च्या प्रवेशापासून एका लांब निबंधाऐवजी 3 प्रश्न ठेवलेत, मिळून 4000 कॅरॅक्टर, स्पेससकट. म्हणजे एकच निबंध दोन्हीकडे चिकटवता येत नाही, वेगळा वेळ काढ.

आता सुरुवात. जे काम दुसऱ्याच्या हातात आहे ते आधी, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते, कारण निबंध रात्री जागून लिहिता येतो पण कॉलेजच्या ऑफिसातून ट्रान्स्क्रिप्ट रात्रीत निघत नाही. ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे सगळ्या सेमिस्टरचा एकत्र अधिकृत रेकॉर्ड, मार्कशीटच्या झेरॉक्स नव्हेत, आणि काही ठिकाणी तो कॉलेजने स्वतः सीलबंद किंवा थेट ऑनलाइन पाठवावा लागतो. तसंच शिफारसपत्राचं. मोठ्या हुद्द्याच्या माणसामागे धावू नका, ज्या सरांनी किंवा मॅडमनी तुमचं काम जवळून पाहिलंय त्यांनाच निदान महिनाभर आधी विचारा, सोबत तुमचा रेझ्युमे आणि डेडलाइनची तारीख द्या. अमेरिकेच्या फॉर्ममध्ये 'हे पत्र बघायचा हक्क सोडता का' असं विचारतात, तिथे हो म्हणा, न बघितलेल्या पत्रावर वाचणाऱ्यांचा जास्त भरवसा बसतो.

परीक्षांचं थोडक्यात. आयेल्ट्स, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचा स्कोअर 2 वर्षं चालतो, जीआरई या मास्टर्सच्या प्रवेशपरीक्षेचा 5 वर्षं. जीआरई खूप डिपार्टमेंट्सनी काढून टाकलीय पण सगळ्यांनी नाही, म्हणून युनिव्हर्सिटीचं मुख्य पान वाचून थांबू नका, त्या कोर्सचं पान उघडा. अमेरिकेत बॅचलर्ससाठी लागणाऱ्या सॅट परीक्षेचंही तेच, मधे अनेकांनी ऐच्छिक केली होती, मग एमआयटीने 2022 मध्ये ती परत सक्तीची केली, मागच्या वर्षीच्या मित्राची माहिती यंदा लागू असेलच असं नाही.

प्रश्न : माझी डिग्री 3 वर्षांची आहे. मास्टर्सला चालेल का?

उत्तर : युरोपात 3 वर्षांची बॅचलर्स सर्रास असते, तिथे नुसत्या वर्षांवरून सहसा अडत नाही, विषय जुळतात का ते जास्त बघतात. अमेरिकेत काही युनिव्हर्सिटी 4 वर्षांची डिग्रीच मागतात, काही 3 वर्षांची घेतात, काही आधी क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन, म्हणजे आपली डिग्री तिथल्या कोणत्या डिग्रीच्या बरोबरीची आहे याचा रिपोर्ट, करून आणायला सांगतात. फी भरण्याआधी ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून विचाराच, आणि उत्तर जपून ठेवा.

प्रश्न : पासपोर्टवर पूर्ण नाव आहे, मार्कशीटवर आडनाव आधी. अडचण येईल का?

उत्तर : येऊ शकते. परीक्षेचं रजिस्ट्रेशन आणि अर्ज दोन्ही पासपोर्टवरच्या नावाने करा, आणि नुसता क्रम नाही तर स्पेलिंगच वेगळं असेल तर कॉलेजकडून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं पत्र आत्ताच मागून ठेवा, ट्रान्स्क्रिप्टसोबतच ते काम होऊन जाईल.