केमोआधीचे पंधरा दिवस अन् विम्याचा १७ नंबर

प्रश्न : ताई, आमचं गाव आर्णी तालुक्यात. बायको २७ वर्षांची, लग्नाला दीड वर्ष झालं, लेकरू नाही अजून. दिवाळीनंतर छातीत गाठ लागली, नागपूरला बायोप्सी केली तर कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणे केमोच्या आधी अंडी नाहीतर भ्रूण फ्रीझ करून ठेवा, नंतर पाळी बंद पडू शकते. सेंटरवाल्यानं दीड लाखाच्या वर सांगितले. पाच लाखाची फॅमिली पॉलिसी आहे, १४ महिने झाले, पण कंपनी याले नाही म्हणते. केमोमुळंच हे करावं लागून राह्यलं ना, मग केमो चालते अन् हे काहून नाही? भांडू का?

उत्तर : भाऊ, भांडा, पण आत्ता नका भांडू. मी नऊ वर्षं एका हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम पाहणाऱ्या टेबलावर बसली, सकाळपासून प्री-ऑथचे म्हणजे इलाजाआधी कंपनीची मंजुरी घ्यायचे फॉर्म भरा अन् कंपनीच्या क्वेरीला उत्तरं द्या हेच काम, म्हणून सांगते, तुमच्याजवळ पैशाहूनही कमी काही असन तर ते दिवस आहेत. अंडी काढायला साधारण १० ते १४ दिवस इंजेक्शनं चालतात. आता पाळीची वाटही पाहावी लागत नाही, कोणत्याही दिवशी सुरू करतात, पण ते सगळं केमोचा पहिला डोस जायच्या आधी. कॅन्सरच्या डॉक्टरला आजच विचारा, केमो दोन आठवडे थांबू शकते का, अन् त्यांचं अन् आयव्हीएफवाल्यांचं (टेस्ट ट्यूब बेबीवाल्यांचं) फोनवर बोलणं तुमच्यासमोरच करून द्या.

आता कंपनी नाही काहून म्हणते ते. २०१९ मध्ये आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, काय काय मिळणार नाही याची सगळ्या कंपन्यांसाठी एकच भाषा ठरवून दिली, त्यात १७ नंबरला वंध्यत्वाचा खर्च आहे, त्यात आयव्हीएफ, इक्सी (अंड्यात शुक्राणू सुईनं सोडतात ते) सगळं आलं. आता वहिनीला लेकरू होत नाही म्हणून हे चाललेलं नाही, उद्या होऊ शकते ते औषधानं जाऊ नये म्हणून चाललंय, तुमचा मुद्दा मला पुरता पटते. पण क्लेम पाहणारा माणूस कारण वाचत नाही बाप्पा, प्रोसिजरचं नाव वाचते. अमेरिकेत कनेक्टिकट अन् ऱ्होड आयलंड या राज्यांनी २०१७ मध्ये कायदाच केला की इलाजामुळं हे करावं लागलं तर विम्यानं द्यायचं. आपल्याकडं तसा कायदा नाही. काही पॉलिसीत आयव्हीएफचं कव्हर असते पण त्याला दोन-तीन वर्षं वेटिंग, १४ महिन्यांच्या पॉलिसीला त्याचा उपयोग नाही. तुमच्या दोघांपैकी कोणाची नोकरीच्या ठिकाणची ग्रुप पॉलिसी असन तर मात्र एचआरला विचारून घ्या, तिथं कधीकधी निघते.

मग पैसे कुठून? मी असती तर केमो, ऑपरेशन, शेक (रेडिएशन) हे सगळं महात्मा फुले योजनेत किंवा पॉलिसीत बसवलं असतं अन् हातातले कापसाचे पैसे फ्रीझिंगसाठी ठेवले असते. महात्मा फुले योजना आता रेशन कार्ड असलेल्या सगळ्यांना आहे, वर्षाला कुटुंबामागं पाच लाख. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र म्हणजे योजनेचा माणूस बसते, कार्ड अन् आधार घेऊन त्याच्याकडं जा. फ्रीझिंग तिथंही मिळणार नाही.

दोन गोष्टी जपा. पहिली, तिथं कोणीतरी भेटनच की अंडाशयातल्या सिस्टचं (गाठीचं) ऑपरेशन म्हणून बिल बनवून देतो, क्लेम पास होते. नका करू. सापडलं तर पॉलिसीच रद्द होऊ शकते अन् मग केमोचं काय कराल. दुसरी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. ओपीडीत ज्युनिअर डॉक्टर विचारते गाठ कधीपासून, बाई घाबरून म्हणते ‘झाले असतील दोनएक वर्ष’, तो केस पेपरवर तसंच लिहिते अन् सहा ओळींच्या त्या कागदावर आजार पॉलिसीच्या आधीचा ठरून अख्खा कॅन्सरचा क्लेम अडकते. खरंच दोन वर्षं असन तर ते खरंच सांगा, पण नीट आठवून सांगा, अंदाजे नको.

भ्रूण की अंडी? भ्रूणाला दोघांच्याही सह्या लागतात, पुढं वापरायलाही, अन् २०२१ च्या एआरटी कायद्यानं (आयव्हीएफसारख्या इलाजांसाठीचा कायदा) ते जास्तीत जास्त १० वर्षं ठेवता येतात. काही जण थोडी अंडी अन् थोडे भ्रूण असं ठेवतात, वहिनीला एकटीला विचारू द्या डॉक्टरला. सेंटर कायद्यात रजिस्टर आहे का पाहा, अन् दर वर्षाचं ठेवण्याचं भाडं किती ते आधीच लिहून घ्या, पॅकेज सांगताना ते सांगत नाहीत. केमो चालू असताना ओव्हरी झोपवून ठेवणारं महिन्याचं इंजेक्शनही डॉक्टर देतात, फ्रीझिंगची बरोबरी ते करत नाही, पण केमोच्या प्रिस्क्रिप्शनवर असलं तर क्लेममध्ये टाकून पाहा.

अन् भांडण? कंपनीकडून नकार लेखी मागा, कोणत्या कलमानं ते लिहून. कंपनीच्या तक्रार विभागाला कळवा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडं (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) जा, फी नाही, वकील लागत नाही, एक वर्षाच्या आत करायचं. जिंकालच असं म्हणत नाही मी.

प्रश्न : पोरगा १९ वर्षांचा, हॉजकिन (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) निघाला. डॉक्टर वीर्य साठवायचं म्हणतात. त्याच्याशी हे बोलू कशी, लाज वाटते. विम्यातून होते का?

उत्तर : होत नाही, पण हे काम तुमच्या मनात आहे तेवढं महाग नाही, बायांच्या मानानं लय स्वस्त, एक-दोन दिवसात उरकते. तुम्ही नका बोलू, त्याच्या मामाला नाहीतर मोठ्या चुलतभावाला सांगा. १८ पूर्ण आहे, सही त्याचीच लागते. एचआयव्ही अन् काविळीचे रिपोर्ट आधी मागतात, हॉस्पिटलनं केलेलेच घेऊन जा, दोनदा पैसे नको. अन् केमोच्या तारखेच्या आधी, आदल्या दिवशी नको, एका सॅम्पलवर भागलं नाही तर दुसऱ्यासाठी दोन-तीन दिवस लागतात. बाहेर खुर्चीवर तुम्ही बसू नका, पोट्टं लाजते.