मुलीनं लेबल वाचलं, तर बिघडलं कुठं?

पत्र : माझा फ्लोअर क्लीनर आणि टॉयलेट क्लीनर तयार करण्याचा छोटा कारखाना आहे. मुलगी बारावीला आहे. रसायनशास्त्रात हुशार, गणितात जेमतेम. तिनं केमिकल इंजिनिअरिंग करून कारखाना सांभाळावा, अशी आमची इच्छा. ती म्हणते, ‘मला केमिकलशी संबंधच नको. अशा वस्तूंवर देखरेख ठेवणाऱ्या क्षेत्रात जायचंय, पर्यावरणाचा कायदा शिकायचाय.’ मागे एकदा तिनं आमच्याच मालाची बाटली उचलली आणि कामगारांसमोर विचारलं, ‘बाबा, यात काय काय आहे ते यावर का नाही लिहिलेलं?’ घरचं खाऊन घरावरच उलटायचं, हेच शिकवलं का आम्ही? तिची समजूत कशी घालावी, आणि गणित कच्चं असताना केमिकल इंजिनिअरिंग झेपेल का, हे कळवावं. (पत्राच्या खाली मुलीच्या हस्ताक्षरात : मॅडम, लोकांना सुरक्षित, नैसर्गिक वस्तू मिळाव्यात असं मला वाटतं. यात माझं काय चुकलं?)

उत्तर : गणिताचं नंतर बघू. खरं सांगायचं तर तो तुमच्या पत्रातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. ‘घरावर उलटायचं’ हे शब्द वाचले आणि मी तिथंच थांबले. सतरा-अठरा वर्षांची मुलगी वडिलांच्या मालाची बाटली हातात घेते, नीट वाचते आणि सरळ प्रश्न विचारते. तुम्हाला त्यात अपमान दिसला, तो कामगारांसमोर झाला म्हणून. एकट्यात विचारला असता, तर तुम्ही काय उत्तर दिलं असतं? ते उत्तर तिला अजून मिळालेलं नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

या क्षेत्रातले नियम अशाच प्रश्नांतून आले आहेत. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घरोघरी सफाईसाठी कॉस्टिक सोडा वापरत. साखरेसारखा दिसणारा तो पदार्थ लहान मुलं तोंडात घालत आणि त्यांची अन्ननलिका जळून आक्रसत असे. कित्येकांना पाण्याचा घोटही उतरत नसे. शेव्हालिए जॅक्सन नावाचे डॉक्टर अशा मुलांवर उपचार करत होते. उपचारांवर थांबणं त्यांना पटेना. डब्यावर ‘विष’ असं ठळक लिहा, गिळल्यास काय करायचं तेही लिहा, असा आग्रह त्यांनी वर्षानुवर्षं धरला. 1927 साली तसा कायदा झाला. जॅक्सन सोड्याच्या कारखान्यांवर उलटले होते, असं म्हणाल का तुम्ही?

नियमांनी धंदा बुडतो, ही भीती तुमच्या रागामागं असावी. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. छोट्या कारखान्याला चाचण्यांचा आणि कागदपत्रांचा भार मोठ्या कंपनीपेक्षा जास्त जाणवतो, हे खरं. पण डिटर्जंटचा इतिहास बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर जी डिटर्जंट आली, त्यांतल्या मुख्य घटकाच्या कार्बन साखळीला फाटे होते. जिवाणूंना ती सहज तोडता येत नसे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर आणि नद्यांवर फेसाचे थरच्या थर साचू लागले. पश्चिम जर्मनीनं 1961 मध्ये कायदा केला, अमेरिकी उत्पादकांनी 1965 च्या सुमारास आपणहून बदल केला. फाटे असलेल्या साखळीच्या जागी सरळ साखळी आली आणि ती जिवाणू सहज फस्त करू लागले. कपडे धुण्याची पावडर बाजारातून गेली नाही, ती सुधारली. ती सुधारणारी माणसं रसायनशास्त्र शिकलेली होती.

आणि स्पष्टच लिहिते. मुलीनं कारखाना सांभाळावा ही इच्छा असणं वेगळं आणि तिच्या शिक्षणाला ती अट घालणं वेगळं. ‘घरचं खाऊन’ असं एकदा ऐकलेलं मूल पुढं प्रत्येक निर्णय घेताना उपकारांचा हिशेब करतं. मग ते एकतर मुकाट्यानं वडिलांची शाखा घेतं आणि त्यात मन लावत नाही, किंवा केवळ वडिलांना विरोध म्हणून भलतीच शाखा घेतं. तुमची मुलगी दुसऱ्या वाटेला लागली आहे. रसायनशास्त्रात हुशार असलेली मुलगी ‘केमिकलशी संबंधच नको’ म्हणते, तेव्हा मला त्यात तिची आवड ऐकू येत नाही, तुमच्याबरोबरचं भांडण ऐकू येतं. तिची समजूत घालण्याआधी ते वाक्य मागं घ्या. तिच्यासमोर, शब्दांत.

आता तुझ्याशी बोलते, बाळा. तुझं चुकलं काय, असं तू विचारलंस. लोकांचं भलं व्हावं असं वाटण्यात काहीच चूक नाही. चूक ‘नैसर्गिक म्हणजे सुरक्षित’ या समजात आहे, आणि ती साधी नाही. लिंबाच्या आणि संत्र्याच्या सालीत लिमोनीन असतं. शंभर टक्के नैसर्गिक. हवेशी संयोग झाला की त्यापासून तयार होणाऱ्या पदार्थांनी काहींच्या त्वचेला कायमची अॅलर्जी जडते. युरोपात लिमोनीनची नोंद ज्वलनशील आणि जलचरांना अतिशय विषारी अशी आहे, आणि डिटर्जंटमध्ये ते 0.01 टक्क्याच्या वर असेल तर लेबलवर नाव छापावं लागतं. उलट, ‘सोडियम’नं सुरू होणारं लांबलचक नाव बघून तू दचकशील आणि तो साधा खाण्याचा सोडा निघेल. कॉस्टिक सोड्याचं रासायनिक नावही ‘सोडियम’नंच सुरू होतं, हेही विसरू नकोस. ‘केमिकल-फ्री’ असं लिहिलेल्या बाटलीत काहीतरी द्रव असतोच ना? पाणी हेसुद्धा रसायनच. पदार्थ कुठून आला यावरून त्याचा धोका ठरत नाही. तो काय करतो, किती प्रमाणात आहे, कोणाच्या संपर्कात येतो आणि पाण्यात किती दिवस टिकतो, यावरून ठरतो. हे ज्याला मोजता येत नाही, त्यानं या क्षेत्रात शिरू नये, असं माझं ठाम मत आहे. नुसत्या चांगल्या हेतूनं केलेला नियम कधी कधी एक वाईट पदार्थ हटवून त्याहून वाईट पदार्थ आणतो.

म्हणून आधी कायदा नको. आधी रसायनशास्त्र, तेही मनापासून. हे काम प्रत्यक्षात कसं असतं, ते सांगते. कपडे धुण्याच्या रंगीत कॅप्सूल आल्या, तेव्हा लहान मुलं त्या खाऊ समजून चावू लागली. युरोपीय संघानं 2014 मध्ये नियम केला : बाहेरचा डबा अपारदर्शक हवा, आवरणात तोंडात घालताच थुंकून टाकावंसं वाटेल असा घटक हवा, 20 अंशांच्या पाण्यात आवरण किमान 30 सेकंद टिकायला हवं आणि 300 न्यूटनचा दाब सोसायला हवं. यातला एकेक आकडा ठरवायला पॉलिमर कळणारी, विषशास्त्र कळणारी, पॅकेजिंग कळणारी माणसं बसतात. तसंच जिवाणूंकडून होणाऱ्या विघटनाचं. 28 दिवसांच्या चाचणीत पदार्थ किमान 60 टक्के विघटित झाला का, हे प्रयोगशाळेत कुणीतरी रोज मोजत असतं. ती नोकरी तुला जमेल आणि आवडेलही, असं तुझा प्रश्न वाचून मला वाटलं.

मार्ग ओळखीचाच आहे : रसायनशास्त्रात बीएस्सी, मग विषशास्त्र, पर्यावरण रसायनशास्त्र किंवा विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एमएस्सी, कायद्याचा पदविका अभ्यासक्रम त्यानंतर नोकरी करतानाही होतो. पुढं चाचणी प्रयोगशाळा, सरकारी नियामक संस्था, विषबाधा माहिती केंद्रं आणि कंपन्यांमधला ‘रेग्युलेटरी’ म्हणजे नियमपालन बघणारा विभाग, असे चारही दरवाजे उघडे असतात. गणित जेमतेम असताना नुसत्या कारखान्यासाठी केमिकल इंजिनिअरिंगचा हट्ट धरू नका, साहेब. चार वर्षं ती गणिताशीच झगडत राहील.

निकाल लागेपर्यंत दोघांनी मिळून एक काम करा. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक कच्च्या मालाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्याचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारी माहितीपत्रिका, पुरवठादाराकडून मागवा. तिचे 16 भाग असतात. ते मुलीला वाचू द्या आणि त्यावरून तुमच्या एका उत्पादनाचं लेबल तिला नव्यानं लिहू द्या. टॉयलेट क्लीनरपासून सुरुवात करा. त्यात बहुधा आम्ल असेल. तसं असेल तर ‘ब्लीचमध्ये मिसळू नका’ ही सूचना बाटलीवर आहे का, ते आधी बघा. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. ती ओळ नसेल, तर मुलीच्या प्रवेशाची वाट न बघता पुढच्याच छपाईत घाला. तिनं शीटमधलं काही विचारलं आणि तुम्हाला उत्तर येत नसेल, तर तुमच्या पुरवठादाराच्या केमिस्टला तिलाच फोन करू द्या. आणि प्रवेशाचा अर्ज भरायची वेळ येईल, तेव्हा पसंतीक्रम तिनं स्वतः भरावा. तुम्ही फक्त शुल्काचं बघा.